खिशातलं रिव्हॉल्वर आणि सड्यावरचं वळण

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

वकीलसाहेब, स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार. वय ५४. स्वतःची कलमं आहेत, शिवाय दोन बागा कराराने घेतो. मे अखेरीस कॅनिंगच्या (फॅक्टरीत डबाबंद करायच्या) आंब्याचे पैसे घेऊन रात्री नवाच्या सुमारास स्कूटरवरून घरी येत होतो. पडेल कॅन्टीनच्या अलीकडे, सड्यावरच्या (उघड्या कातळी पठारावरच्या) एका वळणावर मोटरसायकल आडवी आली. दोघे होते. मागच्याने कोयता दाखवला, पुढच्याने बॅग ओढली. आत ६२ हजार होते. बॅग घेऊन ते गाडी वळवून निघून गेले. पाच-सात सेकंद त्यांची पाठ माझ्या हेडलाइटच्या उजेडात होती. ती पाठ मला अजून रोज रात्री दिसते. त्या वेळी हातात काही असतं तर!

तक्रार केलेली नाही. गावात चर्चा नको. बायकोलाही सांगितलं नाही, तिला वाटतं पैसे फॅक्टरीकडे अडकलेत. भाचा ह्यूस्टनला असतो, तो खिशात छोटं रिव्हॉल्वर ठेवून फिरतो. म्हणतो, "मामा, मोबाइलसारखं बसतं, कुणाला कळतसुद्धा नाही." मला परवाना मिळेल का? खिशात ठेवणं ठीक का? आणि त्या रात्री गोळी झाडली असती तर कायदा काय म्हणाला असता? ओळखीतला एक जण परवान्याशिवाय "वस्तू" ३५ हजारांत आणून देतो म्हणतो. मी अजून हो म्हटलेलं नाही. घरात वडिलांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक आहे, पण ती काय खिशात मावणार! वडील गेल्या श्रावणात वारले.

– एक बागायतदार

भाऊ,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटची दोन वाक्यं जास्त खटकली, पण त्यांच्याकडे नंतर येतो. आधी त्या ३५ हजारांच्या "वस्तू"चं.

त्याला आजच फोन करून नाही म्हणा. ती वस्तू म्हणजे गावठी कट्टा, आणि विनापरवाना अग्निशस्त्र नुसतं जवळ सापडलं तरी शस्त्र कायद्याप्रमाणे किमान दोन वर्षं कैद आहे, पाच वर्षांपर्यंत जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने हे वाढवलं, आधी एक ते तीन होतं. चोरांनी ६२ हजार नेले, हा गृहस्थ तुमच्याकडून ३५ हजार घेऊन वर तुम्हालाच आत बसवायची सोय करतोय. शिवाय कट्ट्याच्या नळीला कसलं पोलाद वापरलंय हे तो बनवणाराही सांगू शकत नाही. असली नळी हातात फुटते तेव्हा चोर समोर असतोच असं नाही. आणि तुम्ही घाबरलेले आहात, तुमच्याकडे रोख असते, हे या माणसाला ठाऊक आहे. यावर जरा विचार करा.

आता ती पाठ.

तुमच्या पत्राचा सगळा जीव त्या पाच-सात सेकंदांत आहे. कोयता समोर होता तेव्हा तुमच्या मनात पिस्तूल नव्हतं, जिवाची भीती होती. पिस्तूल मनात आलं ते चोर वळल्यावर. गेले दोन महिने तुम्ही रोज रात्री मनातल्या मनात गोळी झाडताय ती पाठीवर. नेमकी तीच गोळी कायद्याला चालत नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क आपल्या कायद्यात भक्कम आहे. पूर्वी भारतीय दंडसंहितेत कलम ९६ ते १०६ होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीच ३४ ते ४४ झाली. कोयता मानेजवळ आहे, आता जीव जाणार किंवा गंभीर दुखापत होणार अशी रास्त भीती आहे, तर समोरच्याचा जीव गेला तरी तुमचा बचाव उभा राहतो. जबरी चोरीतही राहतो. पण जबरी चोरीपुरता तो हक्क टिकतो कधीपर्यंत? मारहाण, अडवणूक किंवा तत्काळ मृत्यूची भीती चालू आहे तोपर्यंत. बॅग घेऊन माणूस पाठ फिरवून गाडीवर बसला की उरतो तो साध्या चोरीइतकाच हक्क. मालासाठी पाठलाग करा, आरडाओरडा करा, जमलं तर धरा. ६२ हजारांसाठी पाठीत गोळी घातली तर त्या खटल्यात आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही असता. शवविच्छेदनाच्या अहवालात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, गोळी मागून शिरली. मी ३१ वर्षं फौजदारीत काढली. त्या एका ओळीनंतर बचावाच्या वकिलाचं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे, कारण एकदा ते तोंड माझं होतं.

बरं, कोयता समोर असतानाच काढलं असतं तर? १९८३ साली अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस सार्जंटने एक साधा हिशेब मांडला. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर दीड सेकंदात कापतो, आणि कमरेच्या होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरायला सरावलेल्या पोलिसालाही साधारण तेवढाच वेळ लागतो. २१ फूट म्हणजे तुमच्या खळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. तुमचा कोयतेवाला किती लांब होता? हातभर. तुम्ही बसला होता स्कूटरवर, दोन्ही हात हँडलवर, पँटचा खिसा मांडीवर ताणून घट्ट झालेला. बसलेल्या माणसाला खिशातून पाकीट काढताना सीटवरून अर्धं उठावं लागतं. पाकीट काढताना कुणी मान कापत नाही, एवढाच फरक.

हे तुम्हाला हिणवायला लिहीत नाही. त्या रात्री तुम्ही हात वर केलेत म्हणून आज पत्र लिहिताय. ती भेकडगिरी नव्हती.

आता परवान्याचं. भाचा राहतो त्या टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून कायद्याने बंदूक बाळगू शकणाऱ्या २१ वर्षांवरच्या माणसाला बहुतेक ठिकाणी हातबंदूक नेण्यासाठी वेगळा परवानाच लागत नाही. त्यांच्या घटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. आपल्या घटनेत तो नाही, आणि २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेशी हा फरक मुद्दाम बोलून दाखवला. तिथला भाचा जे करतो ते तिथे कायदेशीर असेल, पण मुंबई विमानतळावर उतरला की तोही तुमच्याच रांगेत.

इथे रिव्हॉल्वरचा परवाना देतात जिल्हादंडाधिकारी, म्हणजे ओरोसला बसणारे आपले जिल्हाधिकारी. आधार १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. अर्ज ऑनलाइन भरायचा, मग पोलिसांचा चौकशी अहवाल, शरीर-मन ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला, घरात कुलूपबंद ठेवण्याची सोय. मिळाला तर ५ वर्षांसाठी, पुढे नूतनीकरण. तुमच्या-माझ्यासारख्याला मिळतो तो .३२ बोअरचा (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), सिनेमातलं ९ एमएम प्रतिबंधित वर्गात येतं. आणि सगळ्यात मोठा प्रश्न, धोका काय? हौस, प्रतिष्ठा, "असावं म्हणून" ही उत्तरं चालत नाहीत. तुमच्याकडे खरं उत्तर आहे, रस्त्यात कोयता दाखवून लुटलं. पण तक्रारच नाही! पोलीस अहवालात तुमच्या वळणावर काहीच घडलेलं नाही. सरकारदरबारी तुम्ही जिल्ह्यातले सर्वात निर्धास्त बागायतदार आहात.

तेव्हा परवाना हवा असो वा नसो, गुन्हा नोंदवा. उशीर का झाला याचं कारण खरं ते लिहा, घाबरलो होतो. गावातल्या ठाण्यात संकोच वाटत असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात देता येतो, ते हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. त्या सड्यावर तुमच्या आधी किंवा नंतर आणखी कुणी लुटलं गेलं असेल आणि तोही तुमच्यासारखाच गप्प बसला असेल, तर पोलिसांना तो रस्ता गस्तीचा वाटणार कसा?

समजा परवाना मिळाला. आता तुमचा खरा प्रश्न, खिसा. इथे मी कायद्यावरून उतरून स्वतःच्या खिशावर येतो, कारण मी ठेवलंय.

१९९८ मध्ये एका जमिनीच्या भानगडीत मला धमक्या आल्या, परवाना मिळाला, आणि मी जुनं .३२ चं रिव्हॉल्वर विकत घेतलं. दोन वर्षं पँटच्या उजव्या खिशात, रुमालात गुंडाळून वागवलं. होल्स्टर घेतलं नाही, कारण मला वाटायचं होल्स्टर म्हणजे सिनेमातल्या फौजदाराचा थाट. पहिल्या आठवड्यात कळलं की अर्धा-पाऊण किलो लोखंड सुती पँटीला एका बाजूला ओढतं आणि माणूस नकळत एक खांदा पाडून चालतो. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "काय रे, किडनीस्टोन झाला की काय?" लपवलंय असं फक्त मलाच वाटत होतं. कोर्टात आत नेता येत नाही, मग ठेवायचं कुठे? स्कूटरच्या डिकीत. म्हणजे ज्या शस्त्रावर माझा जीव अवलंबून होता ते दिवसातले सहा तास कोर्टाच्या आवारात, चमच्याने उघडेल अशा कुलपामागे.

मग पावसाळा. आपल्याकडची हवा तुम्हाला सांगायला नको, बिजागऱ्या दर दोन वर्षांनी बदलतो आपण. खिशात घाम, वर दमट हवा, समुद्र चार मैलांवर. आषाढात एका रविवारी पुसायला काढलं तर नळीवर तांबूस ठिपके आणि चक्रीच्या भोकांत रुमालाचे तंतू. चामड्याचं म्यान घेतलं असतं तरी त्यातच ठेवून चाललं नसतं, चामडं ओल धरून बसतं. रोज काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा, काडतुसं बदला. हे सगळं करणारा माणूस मी नव्हतो. तुम्ही आहात का? फवारणीचा पंप हंगाम संपल्यावर धुऊन ठेवता की तसाच?

तरी मी ते सोडलं नाही. सोडलं ते एसटीमुळे.

कणकवलीहून विजयदुर्ग गाडीत बसलो, खिडकीजवळ, दुपारची वेळ, डोळा लागला. माणूस बसला की खिसा उभा राहत नाही, आडवा होतो, आणि त्याचं तोंड सीटच्या फटीकडे वळतं. तळेऱ्याला घाईत उतरलो. गाडी निघाली. चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला आणि खिसा हलका. भाऊ, माझ्या पायांतलं रक्त कुठे गेलं ते मला आजही सांगता येणार नाही. रिक्षा केली, रिक्षावाल्याला काय सांगणार, "गाडीत कागद राहिले" म्हटलं. पुढच्या थांब्यावर एसटी गाठली. कंडक्टरने मला पाहिलं, तिकिटाच्या पेटीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा काढला आणि हळूच म्हणाला, "वकीलसायब, कागद तुमचे बरेच जड आसत." शेजारच्या सीटवर शाळेतली पोरं बसली होती. त्यांतल्या एखाद्याच्या हाती आधी लागलं असतं तर, हे वाक्य मी आजवर पुरं केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन रिव्हॉल्वर जमा केलं, पुढे परवानाही परत दिला.

माझी ती चूक नियमाच्या दृष्टीनेही चूकच होती, पुढे तर ती शब्दांत लिहिली गेली. २०१६ चे नियम म्हणतात की सार्वजनिक जागी हातबंदूक न्यायची तर ती तिच्यासाठी बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात हवी, पूर्ण झाकलेली हवी, आणि नेणाऱ्याच्या प्रभावी ताब्यात हवी. नुसता खिसा हा धारक नाही. झोपलेल्या माणसाचा खिसा तर ताबाही नाही.

तुमच्या भाच्याच्या बाजूनेही दोन शब्द, कारण तिकडे खिशात ठेवणारे सगळेच माझ्यासारखे बावळट नसतात. खिशासाठी वेगळं छोटं होल्स्टर मिळतं. ते चाप पूर्ण झाकतं, नळी खाली आणि मूठ वर अशी उभी धरून ठेवतं, बाहेरून आकार कळू देत नाही, आणि बाहेरून खरखरीत असल्याने शस्त्र काढताना खिशातच राहतं. त्या खिशात दुसरं काहीही ठेवायचं नाही हा त्यांचा पहिला नियम, किल्ली नाही, नाणं नाही, पेन नाही. चापाच्या कडीत किल्ली अडकली तर चाप दाबायला बोट लागत नाही. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० मध्ये पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर काढलं, आणि पाठोपाठ घोडा (काडतुसावर टोला देणारा मागचा भाग) आतच लपवलेलं आणखी एक, कारण शस्त्र काढताना बाहेरचा घोडा खिशाच्या अस्तरात अडकतो. इतका विचार त्यांनी त्या एका खिशावर केलाय. आपल्याकडे कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये "निर्भीक" नावाचं हलकं .३२ रिव्हॉल्वर काढलं, सुमारे ५०० ग्रॅमचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पर्समध्ये मावावं हा हेतू. अर्धा किलो म्हणजे तुमचे दोन मोठे हापूस. ते लेंग्याच्या खिशात घालून एकदा बागेत फेरी मारून या, बाकी मी सांगायची गरज नाही.

आणि तिकडेही चुका होतात. नोव्हेंबर २००८ मध्ये प्लॅक्सिको बरेस हा नावाजलेला अमेरिकी फुटबॉलपटू न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये गेला, पिस्तूल होल्स्टरशिवाय कमरेत खोचलेलं. ते पँटीच्या पायातून घसरलं, त्याने झटक्यात पकडायला हात घातला, बोट चापावर पडलं, गोळी स्वतःच्याच मांडीत. परवाना होता तो फ्लोरिडाचा, तोही मुदत संपलेला. न्यूयॉर्कला त्याचा उपयोग शून्य. दोन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांच्या स्वतःच्या परवान्याच्या रिव्हॉल्वरमधून घरातच गोळी सुटली आणि पायात गेली. दोघांच्याही समोर कोयतेवाला नव्हता.

बरेसच्या गोष्टीतला परवान्याचा भाग तुमच्यासाठी महत्त्वाचा. आपल्या परवान्यावरही तो कुठे चालतो ते क्षेत्र लिहिलेलं असतं. आंब्याच्या गाड्यांबरोबर तुम्ही गोव्याला जात असणार. बांदा ओलांडलं, पत्रादेवी आली, की राज्य बदललं. क्षेत्र महाराष्ट्रापुरतं असेल तर खिशातली वस्तू त्या नाक्यावर बेकायदा होते, आणि तुम्ही मात्र मासे काय भावाने आहेत याचा विचार करत असता. शिवाय निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र ठाण्यात जमा करायच्या नोटिसा निघतात. शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक ठेवणाऱ्या आपल्या बागायतदारांना हे पाठ आहे. ऐन काजू-आंब्याच्या दिवसांत बंदुका ठाण्यात आणि माकडं बागेत. माकडांना आचारसंहिता नसते, कोयतेवाल्यांनाही नसते.

सरावाचं तर बोललोच नाही. वर्षात एकदाही न झाडलेलं शस्त्र अंधारात, थरथरत्या हाताने, पहिल्यांदा झाडायचं? आणि सराव म्हणून कातळावर दोन बार काढले तर तोही गुन्हा, वर जांभ्यावरून उडालेली गोळी कुठे जाईल याचा नेम नाही.

मिरपुडीचा स्प्रे घ्या असं कुणी सुचवेल. घ्या हवं तर. पण सड्यावरचा वारा तुम्हाला माहीत आहे, स्प्रे कुणाच्या डोळ्यांत जाईल ते तोच ठरवणार.

माझ्या मते तुमचा इलाज खिशात नाही, बॅगेत आहे. त्या दोघांना तुम्ही नको होता, ६२ हजार हवे होते. आणि त्या रात्री, त्या वेळी, त्या रस्त्याने पैसे जाणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. चारशे वळणांच्या तालुक्यात माणूस नेमक्या वळणावर योगायोगाने थांबत नाही. पैसे मोजले तेव्हा वजनकाट्याजवळ कोण कोण होतं, ती नावं आठवून कागदावर लिहा आणि तक्रारीबरोबर द्या. गावात बोलू नका, फक्त तिथे द्या.

पुढच्या हंगामापासून कॅनिंगचे पैसे खात्यावर घ्या. सेंटरवाला म्हणेल रोखच परवडतं. त्याला म्हणा मग आंबा दुसऱ्याला परवडतो. मे अखेरीस त्याला तुमची गरज तुमच्याइतकीच असते. राखणीच्या नेपाळ्यांचा हिशेब हंगामाअखेर एकदम रोखीत होतो हे मला माहीत आहे, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे आता खातं आणि फोनवर पैसे घ्यायची सोय आहे, विचारून तर बघा. जे काही रोख उरेल ते दिवसाउजेडी, चारचाकीतून, दोघांनी. रोज तोच रस्ता नको, तीच वेळ नको, आणि आंब्याच्या कंपनीचं नाव छापलेली ती बॅग तर नकोच (तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणार, सगळ्यांकडे असते). फोनवर ११२ एका बोटावर येईल असा ठेवा. कोणी आडवा आलाच तर पुन्हा तेच करा जे त्या रात्री केलंत.

बायकोला आज रात्री सांगा. फॅक्टरीकडे पैसे अडकलेत ही थाप किती दिवस टिकणार? आपल्याकडच्या बायका हिशेबाला पुरुषांपेक्षा पक्क्या, तिने एव्हाना फॅक्टरीत चौकशी केलेली नसली तर मला आश्चर्य वाटेल. आणि दोन महिने रोज रात्री तीच पाठ दिसणं, झोप मोडणं, हे दुखणंच आहे. त्याला औषध असतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराचा विभाग असतो. तिकडे जायला लाज वाटली तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. रात्री झोप लागायला लागली की परवान्याचा अर्ज पुन्हा काढून वाचा. तेव्हाही हवासा वाटला तर मला लिहा, अर्ज मी स्वतः तपासून देईन.

आता ती वडिलांची बंदूक.

वडील गेल्या श्रावणात गेले. म्हणजे जवळजवळ वर्ष झालं. परवाना त्यांच्या नावावर होता आणि तो त्यांच्याबरोबर संपला. त्या दिवसापासून ती बंदूक तुमच्या घरात विनापरवाना आहे. कट्टा घ्यावा की नाही यावर तुम्ही विचार करताय आणि ज्या कलमाचं भय मी सुरुवातीला घातलं ते तुमच्या माळ्यावर आधीच झोपलंय. घाबरू नका. कोकणात निम्म्या घरांची हीच कथा, आणि आपण होऊन जमा करायला आलेल्या वारसाकडे ठाण्यात सहसा समजुतीनेच बघतात. बंदूक जमा करायची, पावती घ्यायची, आणि शेतीला हवी असेल तर मृत्यूचा दाखला, वारसांची संमती आणि सातबारा जोडून शेतसंरक्षणाचा परवाना तुमच्या नावावर मागायचा. माकडं आणि रानडुकरं यांचा त्रास हे कारण ओरोसला खिशातल्या रिव्हॉल्वरपेक्षा पुष्कळ लवकर पटतं.

पण नेण्याआधी एक. ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी हे बाहेरून कळत नाही. जुनी माणसं शेवटचा बार ठासून ठेवायची आणि विसरायची. आमची आजी बंदुकीजवळ गेलेल्या पोराला ओरडायची, "हात लावू नको, ती भरलेलीच आसा!" ती तशीच आहे असं समजा. घोड्याखाली टोपी (बार पेटवणारी छोटी कॅप) असेल तर ती तुम्ही काढायला जाऊ नका. नळीचं तोंड माणसांकडे, स्वतःकडे करू नका, चुलीजवळ नेऊ नका. वाडीत ज्याने आयुष्यभर ठासणी वापरली असा एखादा म्हातारा असेलच, त्याला बोलवा. तो टोपी काढेल आणि मग नळीत गज घालून बाहेरून मापेल. गज तळापर्यंत गेला तर रिकामी, चार बोटं वर अडला तर आत बार आहे. बार असेल तर तशीच ठेवून ठाण्यात फोन करा, तेच माणूस पाठवतील. रिकामी असेल तर पोलीस पाटलाला बरोबर घ्या आणि गोणपाटात गुंडाळून, दिवसाउजेडी, चारचाकीने घेऊन जा.

त्याच फेरीत लुटीची तक्रारही देऊन टाका. गज किती आत गेला ते मला एका ओळीने कळवा.